गोजरबाईचा बिब्बा

वडनेर भोलजीत गोजरबाईच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती, आणि तिच्या हाताला नाव ठेवायचीही नव्हती. पायात काटा मोडला, टाच फुटली, कंबर धरली, की बाया आधी तिच्या ओट्यावर. ती फार काही करायची नाही. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायची, दिव्यावर धरायची आणि काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागी टेकवायची. पण तिचा नेम पक्का. आधी चांगल्या अंगाला एक टिपका, तेल किती कडक आहे ते कळावं म्हणून. मग दुखऱ्या अंगाला, आणि तिथं माणूस स्वतः 'बस' म्हणेपर्यंत. ज्याचं अंग त्यानं ठरवायचं, आपण कोण ठरवणारे, असं तिचं म्हणणं. तीस वर्षांत तिच्या हातून एकाचाही बिब्बा उतला नव्हता, म्हणजे फोड येऊन चिघळला नव्हता.

आणि आपल्या हाताला काय जमत नाही, तेही तिला चांगलं ठाऊक होतं, बरं का. महाराष्ट्र राज्य होऊन सातेक वर्षं झाली असतील, त्या साली तिची सून कोकिळा बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, सकाळपर्यंत वाट पाहू. गोजरबाईनं पोटाला हात लावून पाहिलं. पोर आडवं होतं. तिनं सुईणीला दोन शब्द सुनावले, लेकाला, शेषरावला, बैल जुंपायला लावले आणि सुनेला घेऊन ती थेट स्टेशनाच्या गावी मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. दवाखाना खाजगी, डॉक्टर मोठ्या शहरात शिकून आलेला, अंगावर इस्त्रीचा कोट. पोट फाडावं लागेल, म्हणाला. गोजरबाई म्हणाली, फाडा, पण दोघं जित्ते द्या.

त्या दिवशी नर्स सुट्टीवर होती. म्हणून सुनेला धरायला गोजरबाईलाच आत बोलावलं. कोकिळाला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, आणि गोजरबाईनं तिची मान आणि गुडघे दोन्ही हातांनी आवळून धरले. पाठीच्या कण्यात सुई द्यायची, मग कमरेखाली काही कळत नाही, असं तिला सांगण्यात आलं. डॉक्टर कोपऱ्यातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होता. सुई घेतली ती दयाराम कंपाउंडरनं. पहिल्यांदा टोचली, हाडाला लागली, काढली. दुसऱ्यांदा टोचली, तेच. तिसऱ्यांदा सुई आत गेली आणि कोकिळा किंचाळली.

"आत्याबाई, डाव्या पायात वीज गेली वं!"

गोजरबाई म्हणाली, थांब रे बाप्पा, काढ ते. दयारामनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हलू नका, एवढंच म्हणाला आणि औषध सगळं आत ढकललं. नळाजवळून डॉक्टरनं विचारलं, झालं का? दयाराम म्हणाला, झालं.

मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. कोकिळाही वाचली. गोजरबाईनं डॉक्टरच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. ते डोकं ठेवलेलं तिनं पुढंही कधी नाकारलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी उजवा पाय हलला आणि डावा हलला नाही. डॉक्टर म्हणाला, औषध उतरतंय. चौथ्या दिवशी म्हणाला, अशक्तपणा आहे. आठव्या दिवशी टॉनिकची बाटली हातात देऊन त्यानं घरी धाडलं, तेव्हा कोकिळाचं डावं पाऊल घोट्यापासून खाली लोंबत होतं. पायरी उतरताना चप्पल गळून पडली, तिला कळलंच नाही. शेषराव चप्पल घेऊन मागून धावत आला. घरात ती चालायला लागली की पाऊल जमिनीवर फटक-फटक वाजायचं. दोन दिवसांत तो आवाज गोजरबाईच्या काळजात घुसला. कापूस वेचणारी, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून तरातरा जाणारी पोरगी, आता न्हाणीत जायलासुद्धा भिंत धरायची.

एकविसाव्या दिवशी गोजरबाईनं दाभण काढलं. नेमाप्रमाणं आधी उजव्या पिंडरीला टिपका दिला. कोकिळानं सस्स करून पाय ओढला. मग डाव्या पिंडरीला बाहेरच्या अंगानं टेकवला, आणि गोजरबाई 'बस' ऐकायची वाट पाहत बसली. कोकिळा मांडीवर पोरीला पाजत होती. बस काही म्हणेना. गोजरबाई मनात खूश झाली, की पोरगी सोसते आहे, गुण येणार. तिनं बिब्बा पुन्हा तापवला, पुन्हा टेकवला. मग कातडी जळाल्याचा वास आला. हात मागं घेतला तेव्हा रुपयाएवढी जागा काळी पडली होती.

तिसऱ्या दिवशी फोड आले, पाचव्या दिवशी पू. गोजरबाई सुनेला घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरकडं गेली. जखम त्यानं धुतली, पट्टी बांधली, आणि रजिस्टरात ठळक अक्षरांत लिहिलं, घरी बिब्बा लावून भाजले. वर गोजरबाईला चांगलं फैलावर घेतलं. तुम्हा अडाणी लोकांमुळं पाय वाया जातात, म्हणाला. गोजरबाई आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घालून उभी राहिली. घरी आल्यावर तिनं दाभण आडाच्या पलीकडं उकिरड्यात फेकून दिलं. त्यानंतर महिनाभर कोणी पाय दाखवायला आलं, की ती आतूनच म्हणायची, दुसरीकडं जा.

जखम भरली. पाऊल काही उठलं नाही. पोरगी तीन महिन्यांची झाली तरी कोकिळाचा पाय फटक-फटकच. तेव्हा शेषराव मलकापूरच्या भगवानराव वकिलांकडं गेला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. हा डॉक्टरचा निष्काळजीपणा आहे, नुकसानभरपाईचा दावा होतो, असं सांगून त्यांनी आधी नोटीस धाडली. नोटिशीचं उत्तर आठ दिवसांत आलं. सुई डॉक्टरनं स्वतः दिली, पेशंट बरी होऊन चालत घरी गेली, पुढं सासूनं बिब्ब्यानं भाजलं आणि त्यानंच पायाची नस मेली. बस, विषय संपला.

उत्तर वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा गोजरबाई ओट्यावर भिंतीला टेकून ऐकत होती. पुन्हा वाचा, म्हणाली. वकिलांनी पुन्हा वाचलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याखाली भीतीही होती, आणि ती भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. हे खरं असलं तर? सुईनं पाय नुसता झोपला असेल आणि खरंच आपल्याच हातानं मेला असेल तर? बिब्बा लावला त्या दिवसापासून हाच प्रश्न तिला खात होता. कोकिळा एका शब्दानं कधी बोलली नव्हती. न बोलणाऱ्या सुनेपुढं ताट वाढताना गोजरबाई मान वर करायची नाही.

त्याच आठवड्यात दयाराम सायकलवर गावात आला. ओट्यावर बसला, चहा प्याला आणि मग खिशातून कागद काढला. नोटीस मागं घेतो, पाय आमच्याच चुकीनं गेला, असं लिहून द्या, म्हणाला. नाहीतर डॉक्टरसाहेब पोलिसात देणार, ओल्या बाळंतिणीला जाळलं म्हणून. पोलीस म्हटल्यावर शेषराव पांढराफटक पडला. माय, देऊन टाकू अंगठा, तुझ्या हातात बेड्या नको, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. गोजरबाईनं कागद घेतला, नीट घडी घातली आणि दयारामच्या खिशात परत ठेवला.

"तिसऱ्या खेपेले सुई कोणी टोचली, हे ह्या कागदावर हाय काय रे?"

दयाराम उठला. अर्धा चहा तसाच राहिला.

आता सगळं अडून होतं बुलढाण्याच्या सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरच्या, दाखल्यावर. पाय सुईनं गेला असं त्यांनी लिहिलं तर दावा उभा राहणार. बिब्ब्यानं गेला असं लिहिलं तर कोर्टाची पायरीसुद्धा चढायला नको. बुलढाण्याला निघायच्या आधी भगवानराव वकिलांनी गोजरबाईला बाजूला घेतलं. बिब्ब्याचं नाव काढू नका, म्हणाले. बाळंतिणीला शेक देताना तापलेली वीट लागली, असं सांगा. वीट सगळ्यांच्याच घरात असते, तिला कोण नाव ठेवतं? डॉक्टरच्या रजिस्टराचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, त्यांचं लिहिणं त्यांच्यापाशी. गोजरबाईला हे पटलं नाही. पण नातीच्या तोंडाकडं पाहून ती हो म्हणाली, आणि कोकिळालाही तेच पढवण्यात आलं.

एस.टी. राजूरचा घाट चढत होती तेव्हा कोकिळा खिडकीशी बसली होती. तिचा डावा पाय गाडीच्या हिसक्यानं इकडून तिकडं होत होता. प्रत्येक वळणावर ती हातानं तो उचलून जागेवर ठेवायची. सरकलेलं ओझं पुन्हा नीट ठेवावं तसं. गोजरबाई ते पाहत होती आणि वीट, वीट, वीट असं मनात घोकत होती.

सिव्हिल सर्जन म्हातारे होते, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. त्यांनी शेषरावला आणि वकिलांना व्हरांड्यात बसवलं. आत फक्त कोकिळा, गोजरबाई आणि आपली बाजू सांगायला बोलावलेला तो इस्त्रीच्या कोटातला डॉक्टर, रजिस्टर मांडीवर घेऊन. सर्जननी कोकिळाला पलंगावर निजवलं. पदरानं डोळे झाकायला सांगितले आणि टाचणीनं पाय टोचत विचारलं, कळतंय? उजव्या पायाला दर वेळी हो. डाव्याला मांडीपर्यंत हो, गुडघ्याच्या खाली बाहेरून नाही, पावलावर नाही. पाऊल वर कर, म्हणाले. कोकिळानं दात-ओठ खाल्ले, मानेच्या शिरा ताणल्या. पाऊल तसंच पडून.

मग त्यांचं बोट पिंडरीच्या काळ्या डागावर थांबलं. हा कशाचा? कोकिळा पढवल्याप्रमाणं म्हणाली, शेकाची वीट लागली साहेब.

डॉक्टर हसला. मोठ्यानं नाही, नुसता नाकातून. त्यानं रजिस्टर उघडून टेबलावर सरकवलं. बिब्ब्याचा डाग आहे साहेब, मी स्वतः धुतलाय. हे लोक इथंसुद्धा खोटं बोलतायत. जे विटेचं खोटं सांगतात ते सुईचं खरं सांगतील? नस बिब्ब्यानं मेली, साधी गोष्ट आहे. सर्जननी चष्मा काढला, पुसला आणि पेनाचं टोपण उघडलं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण ते टोपण उघडलं म्हणजे काय झालं, ते तिला कळलं. वकिलाचं ऐकून आपण आपल्याच हातानं सुनेचा दावा बुडवला. खोटं आपलं, आणि मार पोरीला. ती ताडकन उठली.

"थांबा, सायेब. वीट-गिट काई नाई. तो बिब्बाच हाय, आन् तो मीच लावला."

डॉक्टर म्हणाला, पाहा, कबूल झाली. गोजरबाई त्याच्याकडं वळलीही नाही. तिनं पलंगापाशी जाऊन कोकिळाचं लुगडं दोन्ही पायांवरून गुडघ्यापर्यंत वर केलं. परक्या पुरुषांसमोर सुनेचे पाय उघडे करायचे, तरी तिचा हात थांबला नाही.

"हा उजवा पाहा. तिळाएवढा टिपका. हा डावा पाहा. बिब्बा तोच, दिवा तोच, हात माहाच. माही रीत अशी हाय की चांगल्या अंगाले आधी टिपका देते, आन् दुखऱ्या अंगाले माणूस बस म्हणेलोक टेकवते. उजव्याले टेकवला न इनं पाय वढला. डाव्याले टेकवला न मी वाट पाहून राह्यली. हे बस म्हणेच ना. इचा पाय जित्ता असता, त इनं सारं वडनेर गोळा केलं असतं, सायेब. मेलेला व्हता म्हणून जळला. मी नाई मारला."

शेवटचं वाक्य बोलताना तिला स्वतःलाच पहिल्यांदा ते पटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

सर्जन खाली वाकले. आधी उजवा डाग पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. बिब्बा आधी कोणत्या पायाला, असं विचारलं. उजव्याला, गोजरबाई म्हणाली. मग त्यांनी तिला हातानं गप्प केलं आणि कोकिळाला विचारलं, सासूबाई डाव्या पायाला लावत होत्या तेव्हा तू काय करत होतीस? हे काही कोणी पढवलेलं नव्हतं. कोकिळानं डोळ्यांवरचा पदर काढला.

"पोरीले पाजून राह्यली व्हती. मले वाटलं, त्यायनं अजून लावलाच नाई."

डॉक्टरनं मध्येच रजिस्टरातल्या ओळीवर बोट ठेवलं, पेशंट चालत घरी गेली असं लिहिलंय. सर्जन म्हणाले, कोणत्या पायावर, ते लिहिलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, सुई कोणी दिली? डॉक्टर म्हणाला, मी. गोजरबाई म्हणाली, दयारामनं. मी इची मान धरून होते, हे कोपऱ्यात हात धूत होते. तीनदा टोचली. तिसऱ्या खेपेला पोरगी पायात वीज गेली म्हणून ओरडली, मी थांब म्हटलं, तरी त्यानं औषध ढकललं. डॉक्टर म्हणाला, या बाईला सुईतलं काय कळतं? गोजरबाई म्हणाली, सुईतलं नाही कळत, पण ओरडणाऱ्या माणसाला टोचायचं थांबावं, एवढं कळतं. मी अडाणी, तरी थांबले असते.

सर्जननी पेन खाली ठेवलं. मग गोजरबाईला समोर बोलावून साध्या शब्दांत समजावलं. पाय बिब्ब्याच्या आधी मेलेला होता, याला पुरावा एकच, हे दोन डाग आणि तुझी जबानी. ते लिहायचं तर तू भाजलंस हेही लिहावं लागेल. एक ठेवून दुसरं वगळता येणार नाही. उद्या यांनी तुझ्यावर पोलिसात तक्रार केली, तर हाच कागद तुझ्याविरुद्ध जाईल. डॉक्टर लगेच म्हणाला, जाईलच. तक्रार मी करणारच.

गोजरबाई उभी राहिली. या कागदानंतर तिच्या ओट्यावर कोणी पाय पुढं करणार नाही, हे तिला दिसत होतं. गावात बाया काय बोलतील, तेही ऐकू येत होतं. तीस वर्षांचं नाव होतं, दुसरं तिच्यापाशी होतं काय? पलंगावर कोकिळा हातानं डावा पाय उचलून खाली सोडत होती, उतरायला. मदतीला कोणी नव्हतं. गोजरबाई म्हणाली, लिवा. सगळं लिवा. नाव पूर्ण लिवा, गाव लिवा.

सर्जननी लिहिलं, वाचून दाखवलं. बिब्ब्याची ओळ आली तेव्हा तिनं ती पुन्हा वाचायला लावली, नीट लिहिली आहे का ते पाहायला. मग शाईच्या डब्यात अंगठा बुडवला आणि कागदावर असा दाबला की अंगठा उचलल्यावर कागद वर आला. सर्जननी तो सोडवून घेतला. दुसरा कोरा कागद काढून डॉक्टरपुढं ठेवला, वर पेन ठेवलं. सुई कोणी दिली, किती वेळा दिली, पेशंट ओरडली का, तुमच्या हस्ताक्षरात लिहा आणि खाली सही करा, म्हणाले.

डॉक्टरनं पेन बाजूला सरकवलं. म्हणाला, वकिलाला विचारावं लागेल. म्हणाला, उद्या पाठवतो.

"मी कोणाले इचारलं नाई, डाक्तरसायेब," गोजरबाई म्हणाली. "माहं मी लिवून देलं. आता तुमचं तुमी लिवा."

इतका वेळ ती उभीच होती. आता तिनं भिंतीपाशी असलेली खुर्ची ओढली, डॉक्टरच्या अगदी समोर मांडली आणि तीत बसली. शाईचा अंगठा तिनं पदराला पुसला नाही. दाराबाहेरून शेषरावनं विचारलं, माय, झालं काय, मलकापूरची गाडी निघून राह्यली. गोजरबाईनं वळून न पाहता सांगितलं, जाऊ दे गाडी.